बाटलीला बैठक क्रमांक द्या

आजचा विषय रमचा आहे. नातेवाईकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगतो की मी दारूचा प्रचार करायला बसलेलो नाही. दारूचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं आहे. महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्यांना रम कायद्याने वर्ज्य आहे आणि त्यापुढच्यांनाही परवाना लागतो. जे घेत नाहीत त्यांनी घेऊ नये, हे उत्तम. पण हल्ली जी मंडळी हजारो रुपये मोजून 'मुरलेली' रम आणतात आणि दिवाणखान्यात मांडतात, त्यांच्याशी माझं थोडं भांडण आहे. ही मंडळी चव घेत नाहीत, लेबल वाचतात.

आमच्या पेण-रोह्याकडे रम आली ती मुख्यतः मिलिटरीची म्हणून. आमच्या जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारखी गावं आहेत, जिथे घरटी कुणीतरी सैन्यात. सुट्टीवर आलेल्या फौजीच्या ट्रंकेत कँटीनची बाटली असायची. बाजारात १९५४ पासून ओल्ड मंक होती. थंडीत पोपटी लागली की वालाच्या शेंगांबरोबर कुणाच्या तरी पिशवीतून ती निघायचीच. त्या रममध्ये लोक कोला ओततात आणि गटागटा संपवतात. घोट घोट घ्यायची रम हा प्रकार आपल्याकडे उशिरा आला आणि येताना बाटलीवर आकडा घेऊन आला. १२ वर्षं, १५ वर्षं, २३ वर्षं.

आता या आकड्याचा हिशेब बघू. लाकडी पिंपात रम मुरत असताना तिचा काही भाग दरवर्षी उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत ही घट साधारण २ टक्के धरतात. आपल्या देशातल्या उष्ण हवेत ती १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे १०० लिटर भरले तर १२ वर्षांनी थंड देशात ७८ लिटर उरतील, आपल्याकडे २८! उष्णतेत लाकडाचा अंशही भराभर उतरतो. तेव्हा थंडीतली १२ वर्षं आणि उन्हातली १२ वर्षं एकाच मापाने मोजता येत नाहीत. हरियाणातल्या इंद्री इथे 'कॅमिकारा' नावाची १२ वर्षांची रम होते, तीही मळीची नव्हे तर उसाच्या रसाची. तो आकडा वाचताना हे गणित ध्यानात ठेवावं.

शिवाय आकड्याचा अर्थही सगळीकडे एक नाही. जमैकात बाटलीवरचं वय हे मिश्रणातल्या सर्वांत तरुण रमचं असतं. मध्य अमेरिकेतल्या काही बाटल्यांवर मात्र सर्वांत म्हाताऱ्या थेंबाचं वय छापतात. एका वर्गात एक पोरगा पहिला आला म्हणून अख्ख्या वर्गाला पहिला नंबर देण्यातलाच हा प्रकार. रंगावरही जाऊ नका, जळक्या साखरेने तो हवा तेवढा गडद करता येतो. गोडीचंही तेच. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे रममध्ये लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत गोडी घालायला मुभा आहे.

मग पारख करायची कशी? मी जन्मभर पेपर तपासले, मला एकच पद्धत ठाऊक. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. बाटल्यांनाही वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक द्यावेत. तोंडाशी निमुळत्या छोट्या ग्लासात दोन चमचे रम घ्यावी. बर्फ नको, कोला तर नकोच. नाक ग्लासात खुपसू नये, जरा लांबूनच, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. पहिला घोट जिभेची ओळख होण्यापुरता. दुसरा तोंडात सावकाश फिरवावा. मग पाण्याचे चार थेंब घालून पुन्हा. गंधाला २५, चवीला २५, गिळल्यावर मागे जे उरतं त्याला २५ आणि या सगळ्याच्या तोलाला २५ गुण. थोडी रम स्टीलच्या ताटलीत रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी बोटाला चिकट लागलं तर गोडी वरून घातलेली आहे असं समजावं.

आणि शब्द आपले वापरावेत. इंग्रजी पुस्तकातली टॉफी आणि कसली कसली फळं मला ओळखू येत नाहीत. मला काकवी कळते, सुकेळी कळतात, जायफळ, भाजलेला चिंचोका, ओली सुपारी कळते. 'मुरणं' हा केवढा नेमका शब्द आपल्याकडे आहे! लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. पण लोणचं फार दिवस राहिलं की फोड गळते, तशी रमही पिंपात फार राहिली की नुसतं तुरट लाकूड लागते. जुनं ते सगळंच सोनं नसतं.

मागच्या हिवाळ्यात रोह्याला बहिणीकडे हा प्रयोग केला. मेव्हणे सैन्यातून निवृत्त झालेले, त्यांची कँटीनची बाटली ठरलेली. भाच्याचे मित्र येणार होते. त्याने वडिलांची बाटली कपाटात मागे सारली आणि स्वतःची भारी परदेशी बाटली पुढे मांडली. मेव्हणे काही बोलले नाहीत, पण पाहिलं त्यांनी. मी म्हटलं, "अरे, दोन्ही बाटल्या दे. एक तिसरीही आण. पेपर आज मी काढतो."

तीन क्रमांक, पाच परीक्षक. कागद सोडले तेव्हा भाच्याची परदेशी बाटली दुसरी आली होती. सगळ्यांनी 'गोड, पण पुढे काही नाही' असा शेरा दिला होता आणि सकाळी ताटलीही चिकट निघाली. देशी बनावटीची तिसरी बाटली पहिली आली. कँटीनची शेवटची, ३८ गुण. गंमत म्हणजे तिला सर्वांत कमी गुण खुद्द मेव्हण्यांनीच दिले होते! भाचा ओशाळून म्हणाला, "बाबा, ही तुमचीच होती." मेव्हणे हसले. "मग काय झालं? उग्र आहे ती. गुण खरे द्यायचे. आणि उद्या मी हीच घेणार आहे, तिच्याबरोबर माझी नोकरी झाली आहे." त्यानंतर ती बाटली कपाटात मागे गेली नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. पारख वेगळी आणि माया वेगळी. मायेने गुण वाढवू नयेत, तसंच गुण कमी पडले म्हणून माया लपवू नये. किमतीला आणि छापील वयाला तर परीक्षकाच्या खोलीत प्रवेशच नको. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. जो दोन चमच्यांत वीस मिनिटं रमतो, त्याला तिसरा पेग सहसा आठवत नाही. गटागटा पिणाऱ्यांच्या घरची मुलं मी वर्गात पाहिली आहेत, गृहपाठाच्या वह्या कोऱ्या आणि डोळे जागरणाने लाल. म्हणून हे अगदी मनापासून लिहितो आहे.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, पुढच्या वेळी मामा-काकांसाठी बाटली आणाल तेव्हा किंमत सांगू नका. कागदात गुंडाळून आणा. गुण आम्ही देऊ.