हार घालून फिर्याद मिटत नाही

मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा १९७१चा अल्बम. भाऊ व्हिएतनाममधून परतलेला. इकडे काळ्यांच्या वस्तीत बेकारी, गर्द, पोलिसांचा दंडुका. गेनं तेच गायलं. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी काळाच, पण आधी नाक मुरडलं. असलं खपायचं नाही म्हणे! गे अडून बसला. गाणं गाजलं, मग मालकाला अख्खा अल्बम हवा झाला.

२०२०मध्ये 'रोलिंग स्टोन'नं ५०० अल्बमांत त्याला पहिला नंबर दिला. त्याच वर्षी मिनिआपोलिसात पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडची मान गुडघ्याखाली दाबून जीव घेतला. मग गौरव कशाचा करता रे?

अल्बमच्या नावात प्रश्नचिन्ह नाही. मी तो सवाल मानतच नाही, फिर्याद मानतो. फिर्याद अख्ख्या वस्तीची. एका पोलिसाला शिक्षा झाली म्हणून ती मिटत नाही, मित्रांनो. पहिला नंबर देऊन तर नाहीच नाही!