मानसशास्त्राची उजळणी आणि घोकंपट्टीचा बाजार

म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग 1924 साली सुरू झाला. कलकत्त्यानंतर या देशातला तो दुसरा विभाग. कलकत्त्यात 1905 साली प्रायोगिक मानसशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम आखणारे ब्रजेंद्रनाथ सील त्या वेळी म्हैसूरचे कुलगुरू होते. विभागाची धुरा लंडनहून शिकून आलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी वाहिली. याच गोपालस्वामींनी 1935 साली स्वतःच्या राहत्या घरातून नभोवाणी केंद्र चालविले व ते 'आकाशवाणी' या नावाने प्रसिद्धीस आले. ज्ञान चार भिंतींत कोंडायचे नसते, एवढे त्या प्राध्यापकास निश्चित उमगले होते.

त्या गोष्टीस शंभर वर्षे उलटून गेली. हे शास्त्र आज उच्च माध्यमिक वर्गांपर्यंत पोहोचले आहे. कर्नाटकात पदवीपूर्व वर्गांत, महाराष्ट्रात अकरावी-बारावीला. पण पोहोचले म्हणजे काय झाले? कष्टकऱ्यांची जी मुले कला शाखेत येतात, त्यांतील कित्येकांच्या हाती परीक्षेच्या तोंडावर गाईड किंवा अपेक्षित प्रश्नांचा संच पडतो. व्याख्या पाठ करा, मुद्दे पाठ करा, पेपरात उतरवा आणि विसरा. ज्याला पैसे मोजता येतात तो शिकवणीला जातो. ज्याला येत नाहीत तो त्याच ओळी पुन्हापुन्हा डोळ्यांखालून घालत राहतो. विटंबना अशी की, ही पद्धत कुचकामी आहे हे ज्या शास्त्राने सिद्ध केले, तेच शास्त्र मुले या पद्धतीने शिकत आहेत!

बारावीच्या मुलाला एबिंगहाउसचे नाव ठाऊक असते. 1885 साली या जर्मन संशोधकाने निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले. पाठ केलेल्यातील निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो आणि एका दिवसानंतर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, असे त्याला आढळले. हा आलेख विद्यार्थी वहीत सुबक काढतो. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण मात्र सोडत नाही, कारण आलेख त्याच्या स्वतःच्या अभ्यासाविषयी काही सांगतो आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही असाच बोलका आहे. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना 42 टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. पुस्तक मिटून आठवणे आणि दोन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा आठवणे, या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही. बाजाराला त्यात रस नसावा, यात नवल ते काय?

परंतु आठवण्यापूर्वी समजावे लागते, आणि समज येते ती अनुभवातून. म्हैसूरमध्ये अगरबत्तीचा धंदा मोठा आहे आणि काड्या वळणाऱ्या पुष्कळ स्त्रिया घरबसल्या नगावर राबतात. सोलापुरातील विडी कामगार भगिनींनाही मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा घरातील मुलीला स्किनरचे 'स्थिर-गुणोत्तर प्रबलन' शिकवताना कबुतराने कितीदा चोच मारली की दाणा मिळतो, एवढेच सांगून थांबण्याचे कारण काय? ठरावीक नग पुरे झाल्याखेरीज पैसा नाही, म्हणून हात थांबत नाहीत, हे ती आईच्या शेजारी बसून रोज पाहते. हा एक दुवा जुळला की व्याख्या घोकण्याची गरज उरत नाही. मग ती आपण होऊन पुढचा प्रश्नही विचारील: दाणा कोणाच्या मालकीचा, आणि गुणोत्तर ठरवले कोणी? स्किनरच्या पेटीत या प्रश्नाला जागा नाही. वर्गात ती असली पाहिजे.

राज्यकर्त्यांचा कल नेमका उलट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या बारावीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात 'मानसशास्त्र आणि जीवन' या विषयावर एक प्रकरण होते. दारिद्र्य व भेदभाव, गर्दी व गोंगाट, हिंसा व शांतता यांचा मनावर होणारा परिणाम त्यात मांडला होता. 2022 साली विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या नावाखाली ते आख्खे प्रकरण गाळण्यात आले. बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, मानसिक विकृती राहिल्या, दारिद्र्य गेले. एका खोलीत सहा माणसांसह राहून अभ्यास करणाऱ्या मुलाला आपले अवधान का टिकत नाही याचे उत्तर ज्या पानांवर सापडू शकले असते, तीच पाने नेमकी ओझे ठरली. मग तो ते अपयश स्वतःच्या बुद्धीच्या माथी मारतो, यात दोष कोणाचा?

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की अवघ्या सदतिसाव्या वर्षी, 1934 साली, क्षयाने वारला. मूल एकट्याने जे करू शकत नाही ते अधिक जाणत्याच्या साह्याने करू शकते आणि आज साह्याने केलेले उद्या स्वबळावर करते, हा त्याचा सिद्धांत आता अमेरिकेतील शिक्षक-प्रशिक्षणातही शिकवला जातो. आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी तो केवळ वाचून ठेवावा हे बरे नव्हे. वस्तीतील चार मुले संध्याकाळी एकत्र बसवावीत. एकाने पुस्तक मिटून 'अभिजात अभिसंधान' आपल्या बोलीत समजावून सांगावे, इतरांनी अडवावे, चुकेल तेथे पुस्तक उघडावे आणि तीन दिवसांनी दुसऱ्याने तेच सांगावे. बालभारतीने अकरावी व बारावीची मानसशास्त्राची पुस्तके 2019 व 2020 साली मराठीत काढली आहेत; त्यांच्या प्रती शाखा-कार्यालयात ठेवणे काही अवघड नाही.

अर्थात अभ्यासमंडळे चालविली म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही. प्रत्येक उच्च माध्यमिक शाळेत या विषयाचा पूर्णवेळ शिक्षक असावा, गाळलेले प्रकरण पूर्ववत समाविष्ट करावे आणि प्रश्नपत्रिकेत व्याख्यांपेक्षा उदाहरणे ओळखण्यास व स्पष्ट करण्यास अधिक गुण असावेत, या मागण्या शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी एकत्रितपणे शिक्षण मंडळांपुढे ठेवाव्यात आणि परीक्षांचे वेळापत्रक लागण्यापूर्वीच ठेवाव्यात.