बोलायला कॉलेज कशाला?

माझी भाची यंदा बारावी झाली. तिला 'कम्युनिकेशन' घेऊन पदवी करायची आहे. हे कळल्यावर मेहुणे म्हणाले, "बोलायला कॉलेज कशाला? हिची जीभ जन्मल्यापासून चालतेय." सगळे हसले, ती हसली नाही. "मामू, तुम्ही तरी चला," म्हणून मला घेऊन लवळ्याला निघाली.

लवळे मुळशी तालुक्यात. सिम्बायोसिसची माध्यम आणि संवाद शिकवणारी संस्था तिथे आहे, फ्लेम विद्यापीठही तिथलंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर हे शब्द साध्या कॉलेजांतही ऐकू येऊ लागलेत. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. खासगी विद्यापीठांच्या फीबद्दल इथे लिहीत नाही, पण परतताना आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

मेहुण्यांची शंका मला अगदीच चूक वाटत नाही. संवादाच्या नावाखाली गल्लोगल्ली काय विकलं जातं ते आपण बघतोच. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही क्लासात एक आकडेवारी हमखास सांगतात: शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. पण ते प्रयोग सगळ्या बोलण्याबद्दल नव्हतेच. समोरच्याला आपण आवडतो की नाही हे ओळखताना, शब्द एक सांगत असतील आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तर माणूस कशावर भरवसा ठेवतो, एवढ्यापुरते ते होते. आकडे पाठ करणं क्लासात होतं. ते कुठून आले आणि कुठे लागू पडत नाहीत हे विचारायला विषय शिकावा लागतो.

आणि ते लागू कुठे पडतात, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही घरी दखनी बोलतो, दाराबाहेर मराठी. माझं नाव ऐकल्यावर लोक म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!" शब्द कौतुकाचे, सूर आश्चर्याचा. मी पन्नास वर्षं इथलाच, पण त्या सुरात मी कालच आलेला पाहुणा असतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड जातं. भाचीलाही शाळेत हे वाक्य मिळालं आहे. तिला हा विषय का हवा, याचं निम्मं उत्तर मला त्यात दिसतं.

येताना मी तिला मुळशी सत्याग्रहाबद्दल सांगितलं. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट नेते झाले. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चर खणले गेले होते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आहे. त्यात एक गोष्ट ठळक दिसते: कसणारे मावळे एकीकडे आणि पुण्यात राहणारे सावकार-जमीनदार दुसरीकडे, दोघांचं हित एक नव्हतं. सावकारांना मोबदला चालणार होता, मावळ्यांना जमीनच हवी होती. मग मावळ्यांच्या वतीने कोण बोललं, कुणाचं म्हणणं छापून आलं, कुणाचं धरणाबरोबर बुडालं? संवादशास्त्राचा याहून चांगला धडा तालुक्यात दुसरा नसेल. लवळ्यापासून धरण फार लांबही नाही.

तिने हा विषय शिकावाच, असं माझं मत आहे, पण मायनर म्हणून. मेजर इतिहास किंवा समाजशास्त्र घ्यावं. कसं बोलायचं हे कळून काय बोलायचं हे ठाऊक नसेल तर माणूस जाहिरात कंपनीत जातो. (तिथे पगार चांगला असतो, हे तिने लगेच ऐकवलं.) तिचं म्हणणं उलटं आहे: "मामू, इतिहास वाचून घेता येतो. लोकांचं ऐकायचं कसं, हे कुणी शिकवत नाही." मला यावर चटकन उत्तर सुचलं नाही.

अर्जाची मुदत जवळ आली आहे. काल मेहुण्यांचा फोन होता. "ते मायनर मायनर काय चाललंय? मुलगी तर अठराची झाली."