शेवट ओळखलात, मग पाहिलंत काय?

शेवट आधीच सांगून टाकतो. 'कार्निव्हल ऑफ सोल्स' या १९६२ सालच्या अमेरिकन सिनेमाची नायिका मेरी हेन्री पहिल्या काही मिनिटांतच मेलेली असते. शर्यतीच्या नादात तीन मुलींची गाडी पुलावरून नदीत कोसळते. बऱ्याच वेळाने चिखलाने माखलेली मेरी एकटीच बाहेर येते. अगदी शेवटी गाडी वर काढतात, तेव्हा तिचा मृतदेह आतच असतो. संपलं रहस्य. 'अरे, स्पॉयलर अलर्ट तरी द्यायचा' म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, त्यांच्याशीच मला भांडायचंय.

हा सिनेमा मी बऱ्याच जणांना बघायला लावला आहे. बघून झाल्यावर येणारी मतं जवळपास पाठ झालीत. शेवट दहाव्या मिनिटाला कळला. बजेट नव्हतं, त्या मानाने बराय. आणि सगळ्यात लाडकं मत म्हणजे, ती नायिका किती थंड आहे यार, चेहऱ्यावर भावच नाहीत.

आधी शेवटाचं बघू. 'आपण मेलोय हे न कळलेलं माणूस' ही कल्पना १९६२ सालीसुद्धा नवी नव्हती. अँब्रोस बिअर्सची 'ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज' ही कथा १८९० सालची. 'द ट्वायलाइट झोन' या टीव्ही मालिकेचा 'द हिच-हायकर' हा भाग १९६० सालचा. त्यातही एकटी गाडी चालवणारी बाई आहे, वाटेत वारंवार दिसणारा माणूस आहे आणि शेवटही तोच आहे. हे टीव्हीवर येऊन गेल्यावर कोणी फक्त या एका धक्क्याच्या भरवशावर सिनेमा काढेल का? नदीतून ती बाहेर येते तो प्रसंगच इतका विचित्र आहे, की दिग्दर्शकाला ही गोष्ट फार लपवायचीच नाही. तुम्ही ओळखलंत यात तुमची हुशारी कमी, त्याची परवानगी जास्त आहे. 'सायको'चं रहस्य आज सगळ्या जगाला माहीत आहे, तरी तो परत परत बघतातच ना?

आता बजेट. हर्क हार्वी हा माणूस कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात सेंट्रॉन नावाच्या कंपनीत शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट बनवायचा. कॅलिफोर्नियाहून परतताना सॉल्ट लेक सिटीजवळ, खाऱ्या सरोवराच्या काठी त्याला 'सॉल्टेअर' दिसलं. एके काळी गजबजलेलं आणि १९५८ सालापासून बंद पडलेलं नाचघर. त्याने सहकारी जॉन क्लिफर्डला सांगितलं, शेवटी मेलेली माणसं तिथे नाचली पाहिजेत, बाकी तू लिही. सुमारे ३३ हजार डॉलर आणि तीन आठवडे, एवढ्यात सिनेमा झाला. 'सायको'ला दोन वर्षं आधी सुमारे ८ लाख डॉलर लागले होते, आणि तोही त्या काळी काटकसरीचाच सिनेमा गणला जायचा. मेरीच्या मागे लागलेला पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस म्हणजे खुद्द हार्वीच. वितरक कंपनी बुडाली. प्रिंटवर कॉपीराइटची सूचना नव्हती, त्यामुळे तिथल्या तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमा कुणाचाच राहिला नाही. मग तो रात्री उशिरा टीव्हीवर फुकटात फिरत राहिला, आणि १९८९ साली पुन्हा थिएटरात लागला. हार्वीने त्यानंतर एकही कथापट केला नाही.

ही कहाणी ऐकली की लोक हळवे होतात आणि ग्रेस मार्क देऊन मोकळे होतात. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. कमी मेमरीत बसवलेला चांगला कोड 'त्या मानाने बरा' नसतो, तो चांगलाच असतो. या सिनेमातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग घ्या. मेरी दुकानात ड्रेस घालून बघते, बाहेर येते आणि अचानक जगाचा आवाज बंद होतो. विक्रेत्या बाईला ती दिसत नाही, ऐकू येत नाही. रस्त्यावर गाड्या धावतायत, माणसं चालतायत, पण गोंगाट गायब. ती बागेत पोचते, एक पक्षी किलबिलतो आणि जग परत सुरू होतं. खर्च किती? आवाज काढून टाकायला पैसे लागत नाहीत. लागतं ते कुठे काढायचा हे कळणं. हातात दहापट पैसे असते तर इथे व्हायोलिनं किंचाळली असती आणि प्रसंग मेला असता. ओठ आणि संवाद कुठे कुठे जुळत नाहीत, काही दुय्यम नट पाठांतर म्हणून दाखवतात, हे सगळं मान्य. ते दोष म्हणूनच मोजा. पण जे उत्तम आहे त्याला गरिबीचं सर्टिफिकेट चिकटवू नका.

आणि आता ती 'थंड' नायिका. मला खरा राग याच मताचा येतो.

कॅन्डेस हिलिगॉस ही न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकलेली नटी. तिला भाव दाखवता येत नाहीत असं वाटत असेल, तर आजूबाजूची पात्रं तिला काय म्हणतात ते ऐका. मेरी चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी घेते. गाव सोडण्याआधीच ऑर्गन कारखान्यातला माणूस तिला सुनावतो, वाजवण्यात जरा जीव ओत. नव्या गावात पाद्री तिच्यासाठी स्वागत समारंभ ठेवायला निघतो, ती नको म्हणते, तर माणसांपासून तुटून राहता येत नाही असा उपदेश मिळतो. शेजारच्या खोलीतला जॉन दारातून डोकावत राहतो, तिने सोबत प्यावं, हसावं, जवळ यावं म्हणून. डॉक्टर तिची भीती ऐकून घेतो आणि गाडी 'बॉयफ्रेंड नाही का'वर आणतो. ऑर्गन वाजवणं ही माझी फक्त नोकरी आहे, एवढंच ती म्हणते, आणि तेवढ्यानं सगळे अस्वस्थ होतात.

म्हणजे 'ही बाई थंड आहे' हे मत प्रेक्षकांच्या आधी पटकथेनेच लिहून ठेवलंय, आणि ते कुणाच्या तोंडी दिलंय ते बघा. तुम्ही सोफ्यावर बसून तेच म्हणता तेव्हा समीक्षा करत नसता. त्या पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहता.

पुढे तर आणखी वाईट होतं. भीतीने कोलमडलेली मेरी अखेर माणसांची सोबत मागते. मला एकटं सोडू नका, म्हणते. तेव्हा काय होतं? ती किंचाळल्यावर जॉन काढता पाय घेतो. भान हरपून तिने भलतेच सूर वाजवले म्हणून पाद्री तिला नोकरीवरून काढतो. बस स्टेशनवर तर तिचा आवाजही कुणाला ऐकू जात नाही. जवळ ये म्हणून मागे लागलेले सगळे, ती जवळ आली की गायब. भुतं शेवटी नाचतात ती नाचोत. माझ्या अंगावर काटा येतो तो या हिशेबाने.

हे साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतलं म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या आधीच्या कंपनीत एक सहकारी होती. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसायची. वार्षिक मूल्यमापनात तिला काय सांगितलं? 'थोडी ॲप्रोचेबल हो, हसत जा.' आमच्यातल्या एकाही घुम्या पोराला हे वाक्य ऐकावं लागलेलं मला आठवत नाही. आम्ही 'डीप वर्क' करत होतो, ती 'ॲटिट्यूड' दाखवत होती.

सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे. रात्री, इअरफोन लावून बघा. शेवट माहीत झालाच आहे, तर तो ओळखण्याची कटकटही नाही. मेरी हसत का नाही हा प्रश्न फक्त विचारू नका. तिला हसायला कोण कोण सांगतंय, ते मोजा.