टिकलं नाही म्हणजे वाया गेलं का? शाळेचं आवार आणि पाहुणा कलाकार



‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ हा शब्द आपल्या शाळांमध्ये फारसा कानावर पडत नाही. आपण त्याला साधं ‘कलानिवास’ म्हणू. कलाकाराला काही आठवडे किंवा महिने एखाद्या ठिकाणी राहायला जागा द्यायची, वेळ द्यायचा आणि त्याने त्या परिसरात राहून काम करायचं, अशी ही पद्धत. त्यातला एक प्रकार मला शिक्षक म्हणून फार जवळचा वाटतो. तिथे कलाकार दुकानातून सामान आणत नाही. माती, दगड, काटक्या, गळलेली पानं हेच त्याचं साहित्य आणि जमीन हाच त्याचा कागद. याला लँड आर्ट किंवा भूमिकला म्हणतात.

इंग्लंडमध्ये ग्राइझडेल नावाचं जंगल आहे. तिथे १९७७ पासून शिल्पकारांना राहायला बोलवायला सुरुवात झाली. जंगलात राहायचं आणि जंगलातल्याच वस्तूंतून काम करायचं. अँडी गोल्ड्सवर्दी या कलाकाराने १९८४ मध्ये तिथे पाइनच्या खोडांचे उंच सुळके उभे केले. लाकूडच ते, ऊनपावसात झिजणारच. पण झिजणं हा त्या कामाचाच भाग मानला गेला.

दुसरं उदाहरण इटलीतल्या आर्ते सेल्ला या ठिकाणचं. डोंगरातल्या या दरीत १९८६ पासून कलाकार येऊन काम करतात. तिथे जुलियानो माउरी यांनी फांद्या विणून ८० खांब उभे केले, एखाद्या मोठ्या चर्चसारखे. प्रत्येक खांबाच्या आत एक रोप लावलं. कालांतराने विणलेल्या फांद्या कुजून जाणार, तोवर आतलं रोप झाड झालेलं असणार आणि झाडांचंच चर्च उभं राहणार. आपण शिक्षक वर्गात दुसरं काय करतो? आधार द्यायचा आणि मूल उभं राहिलं की आपण बाजूला व्हायचं.

आता आपल्याकडचे ‘प्रकल्प’ आठवा. आदल्या रात्री पालक स्टेशनरीच्या दुकानात. चमकीचा कागद, गोंद, तयार चित्रांचा तक्ता. सकाळी मूल सुंदर प्रकल्प घेऊन येतं. त्यात मुलाचा हात किती आणि आईबाबांचा किती, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. दिवाळीतल्या किल्ल्याचंही तेच होत चाललंय. दगड गोळा करायचे, चिखल कालवायचा, वर अळीव पेरून रोज पाणी शिंपडायचं, हा खरं तर आपल्या घराघरातला लँड आर्टच होता. आता बाजारात तयार किल्ला मिळतो. घरी आणायचा, मावळे मांडायचे, झालं.

या सगळ्यात आपण काय गमावतोय? माझ्या मते मुलाची आणि मातीची ओळख. मूल परिसर अभ्यासात मातीचे प्रकार पाठ करतं, पण कोणती माती हातात धरून राहते आणि कोणती बोटांतून निसटते, हे त्याच्या हाताला ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, ही परदेशातली थेरं आपल्याला कशाला? पण हा विचार आपल्याला परका नाही. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते म्हणून कुणी ती काढायची थांबत नाही. मातीचा गणपती आपण स्वतःच पाण्यात सोडतो. आणि वारली चित्रकला पाहा. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा लेप, वर गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नाचा चौक सवाशिणी काढायच्या. डहाणू भागातले जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. रिचर्ड लाँग हा इंग्लंडचा कलाकार १९६७ मध्ये गवतावरून पुन्हा पुन्हा चालून उमटलेल्या एका रेषेमुळे गाजला. तोही वारली मुलखात येऊन गेला आणि २००३ मध्ये जर्मनीत मशे आणि लाँग यांचं एकत्र प्रदर्शन भरलं. म्हणजे जगातला नावाजलेला भूमिकलाकार आपल्या पाड्यांपर्यंत आला. आपणच आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक शाळेने वर्षातून एक आठवडा एखाद्या कलाकाराला बोलवावं. तो मुंबई-पुण्याचाच हवा असं नाही. बांबूच्या टोपल्या विणणारे काका, कुंभारदादा, चुन्या-सिमेंटशिवाय दगडी बांध रचणारे आजोबा, ठिपक्यांची मोठी रांगोळी काढणारी आजी, हे सगळे कलाकारच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडून शिकण्याचा विचार मांडलेलाच आहे. मग पहिली ते पाचवीच्या मुलांनी वाट का पाहायची? मात्र एक गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवावी: येणाऱ्या माणसाला मानधन द्यायचं, भले थोडं असो. ‘मुलांसाठी फुकट या’ असं म्हटलं की मुलंही शिकतात की हाताच्या कामाला किंमत नसते.

पालकांचा प्रश्न येईल, “शाळेत माती खेळायला पाठवतो का?” त्यांना एक दिवस बोलवा. खुंटी रोवून, दोरी बांधून मुलं जमिनीवर मोठं वर्तुळ आखतील, तेव्हा त्रिज्या म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागणार नाही. गळलेली पानं हिरव्यापासून तपकिरीपर्यंत लावताना निरीक्षण होतं. दगडावर दगड तोलताना तोल कळतो, आणि चिडून सोडून न देणंही कळतं. शेवटी आपण काय केलं ते पाच वाक्यांत सांगायचं, की भाषा आलीच. शिक्षकांची अडचण नोंदींची असते. त्यालाही उत्तर आहे. वर्णनात्मक नोंदीला लागणारं खरं निरीक्षण अशाच वेळी मिळतं.

काही पथ्यंही पाळावी लागतील. भूमिकलेच्या नावाखाली जमिनीला जखमाही झाल्या आहेत. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात एका कलाकाराने दोन प्रचंड चर खणण्यासाठी सुमारे २ लाख ४० हजार टन दगडमाती हलवली. ती वाट आपली नाही. मुलांना सांगायचं: हिरवं पान तोडायचं नाही, जे गळून पडलंय तेच घ्यायचं. ओढ्यातले दगड उचलायचे नाहीत, खेकडे आणि किडे त्यांच्याखाली राहतात. आवारातला दगडही मोठ्या माणसाने काठीने हलवल्याशिवाय हात लावायचा नाही, खाली विंचू असू शकतो.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड पथ्य आपल्यासाठी. काम झालं की ते जपून ठेवायची घाई करू नका. फोटो एखादा काढा, पण बक्षीस, क्रमांक, प्रमाणपत्र नको. पहिल्या पावसात ती नक्षी वाहून जाईल. मुलं हळहळतील, हळहळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यातलंच एखादं मूल ओल्या मातीत पुन्हा काटकी रोवायला लागेल, आणि यावेळी माती जरा घट्ट दाबेल. ते त्याला कुठल्या तक्त्याने शिकवलेलं नसेल.

तुमच्या गावात असं कोण आहे? या सत्रात एका माणसाचं नाव ठरवा आणि त्यांना शाळेत बोलवा.