ज्याचं जळतं त्यालाच कळतं

समजा, एका खानावळीचा मालक रोज दुपारी गल्ल्याला कुलूप लावून शेजारच्या हॉटेलात जेवायला जातो. त्या खानावळीत तुम्ही महिन्याचे पैसे भराल का? नाही ना? मग ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणारी मंडळी स्वतः दुसरीच सिस्टीम वापरतात, तेव्हा आपण "ज्याची त्याची आवड" म्हणून गप्प का बसतो?

फ्रीबीएसडीचंच घ्या. १९९३ पासून चालत आलेली, फुकट आणि मुक्त सिस्टीम. प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम हिच्यातूनच निघाली. नेटफ्लिक्सच्या इंजिनियरांनी २०२१ मध्ये हिच्यावर एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट व्हिडिओ पाठवून दाखवला. काय बिशाद कुणाची नावं ठेवायची! पण हिच्या डेव्हलपरांच्या परिषदांमध्ये वर्षानुवर्षं कित्येकांच्या मांडीवर काय दिसायचं? मॅकबुक! संस्थापकांपैकी एक, जॉर्डन हबर्ड, तर २००१ मध्ये थेट ॲपलमध्येच नोकरीला गेले.

आता परिणाम बघा. वाय-फायचं ८०२.११एसी हे स्टँडर्ड डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं. फ्रीबीएसडीत इंटेलच्या कार्डांवर ते चालायला जून २०२५ मधली १४.३ आवृत्ती यावी लागली. साडेअकरा वर्षं! सर्व्हरवर ४०० गिगाबिट आणि लॅपटॉपवर कासव. कारण सरळ आहे. सर्व्हर अडकला की डेव्हलपरची झोप उडते. लॅपटॉपचं वाय-फाय अडकलं तर अडकतं तुमचं-आमचं. त्याचा मॅक मस्त चालू असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हार्डवेअर कंपन्या माहिती देत नाहीत, माणसं कमी आहेत, सगळे फावल्या वेळात काम करतात. सगळं खरं. पण ओपनबीएसडीची टीम तर आणखी छोटी! तिथली मंडळी स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचीच सिस्टीम टाकून हॅकेथॉनला येतात, आणि तेच वाय-फाय इंटेलच्याच कार्डांवर त्यांच्याकडे २०२२ मध्ये आलं. अडचणी दोघांनाही त्याच. फरक एवढाच की इथे चटका स्वतःला बसत होता.

दुसरं उत्तर: "मी कर्नल लिहितो, डेस्कटॉपशी माझा काय संबंध?" अहो, लिनस टोरवाल्ड्सही कर्नलच लिहितो की! २०२२ मध्ये लिनक्स ५.१९ त्याने ॲपलच्याच लॅपटॉपवरून रिलीज केलं, पण त्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून. मशीन कुणाचंही घ्या हो, तक्रार त्याबद्दल नाहीच.

आणि "बग रिपोर्ट टाका, आम्ही बघू" हे तर सांगूच नका. रिपोर्ट म्हणजे दुसऱ्याचं दुखणं. आपल्याला रोज टोचणारा बग माणूस रविवारी रात्री दोन वाजता उठून सोडवतो. दुसऱ्याचा बग यादीत म्हातारा होतो.

२०२४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनने लॅपटॉपसाठी साडेसात लाख डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. छान झालं, उशिरा का होईना. पण पैशाने ड्रायव्हर येतील. झाकण उघडल्यावर लॅपटॉप जागा झाला नाही की होणारी चिडचिड विकत मिळत नाही. ती रोज वापरूनच येते.

म्हणून मागणी एवढीच आहे: जो कोड तुम्ही जगाला वापरायला देता, त्याच्यावर स्वतःची मेल वाचा, बिलं भरा, पिक्चर बघा. महिनाभर जमलं नाही, तर काय दुरुस्त करायचं याची यादी आपोआप तयार होईल.