आगालेगाची धावपट्टी आणि रसदीचा प्रश्न

डिसेंबर १७३७ मध्ये निजाम मोठी फौज आणि जड तोफखाना घेऊन आपल्या या भोपाळात अडकून पडला होता. बाजीराव पेशव्यांनी दाणागोट्याच्या वाटा बंद केल्या आणि दक्षिणेतून येणारी कुमक चिमाजी अप्पांनी तापीकाठीच रोखली. छावणीत धान्य मिळेनासे झाले आणि जानेवारी १७३८ मध्ये निजामाला दोराहा येथे तह करावा लागला. माळवा मराठ्यांकडे आला तो असा. दोराहा इथून जवळच, सीहोर जिल्ह्यात आहे. आपल्या घरातील मुलांपैकी किती जणांनी ते पाहिले आहे, हा प्रश्न वेगळा.

तेवीस वर्षांनी हिशेब उलटला. दुआबातून पानिपतच्या फौजेला धान्य पोचविण्याचा भार ज्यांच्यावर होता, ते सागरचे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. त्यानंतर भाऊसाहेबांच्या छावणीत उपासमार सुरू झाली. परमुलखात लढणाऱ्याची रसद कोणाच्या भरवशावर आहे, हे आधी पाहावे लागते.

आज हा प्रश्न हिंदी महासागरात उभा आहे. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटरवर आगालेगा नावाची दोन छोटी बेटे आहेत. नारळाच्या बागा आणि जेमतेम तीनशे माणसांची वस्ती. मार्च २०१५ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात करार झाला आणि तेथे भारताच्या पैशाने सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आणि जेटी बांधण्यात आली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी तिचे उद्घाटन केले. हा लष्करी तळ नाही, असे मॉरिशस सरकार वारंवार सांगत आले आहे.

तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटरची धावपट्टी कोणी बांधत नाही, एवढे व्यवहारज्ञान आमच्या वाचकांना आहे. समुद्रावर टेहळणी करणारी नौदलाची मोठी विमाने तेथे उतरू शकतात, हा तिचा खरा उपयोग. आणि तो असण्यात गैर काहीच नाही. चीनने २०१७ मध्ये जिबुती येथे परदेशातील आपला पहिला तळ उघडला. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून कित्येक मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. अशा वेळी नैर्ऋत्येच्या समुद्रात विसाव्याची जागा आपल्याला हवीच.

आमचा आक्षेप आहे तो आडपडद्याला. मॉरिशसच्या लोकांना चागोसचा अनुभव आहे. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभारण्यासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना हुसकावून लावले. त्यांची पुढची पिढी अजून न्याय मागते आहे. आपल्यालाही एक दिवस असेच उठविणार, ही आगालेगाच्या माणसांची भीती म्हणूनच खुळी म्हणता येत नाही.

सेशेल्समध्ये काय झाले ते पाहा. तेथील अझम्प्शन बेटाबाबतही २०१५ सालीच बोलणे झाले, २०१८ मध्ये सुधारित करारावर सह्या झाल्या. पण करार उघड नाही म्हणून लोक रस्त्यावर आले, संसदेची मंजुरी मिळाली नाही आणि योजना बारगळली. ताजिकिस्तानातील आयनी विमानतळावर आपण कोट्यवधी रुपये खर्च केले. मुदत संपली आणि २०२२ मध्ये तो सोडावा लागला. परक्याच्या जागेत कितीही पक्के बांधकाम केले तरी घरमालकाची मर्जी आणि भाडेचिठ्ठीतील अटी यांनाच शेवटी महत्त्व. आम्ही बँकेतली माणसे. तारणाचे कागद पुरे वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही.

याउलट, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी झालेला रसदविषयक करार आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. एकमेकांच्या बंदरांत तेल, पाणी, अन्न, सुटे भाग घ्यावेत आणि नंतर हिशेब चुकता करावा, असा हा उघड चालू खात्याचा व्यवहार. तळ देण्याघेण्याची अट त्यात नाही. पुढे फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशीही असे करार झाले. जेथे एवढ्याने भागते तेथे बांधकामाच्या भानगडीत पडू नये. आगालेगासारख्या ठिकाणी भागत नाही, म्हणूनच तेथे अधिक मोकळेपणा हवा.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काहींना वाटेल. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. ही मंडळी मॉरिशसचे मतदार आहेत. भारताने त्यांच्या देशात काय केले, याचा जाब शेजारीपाजारी आधी त्यांनाच विचारणार. ‘तुमच्या भारताने’ असे म्हणून विचारणार. घर सोडून पिढ्या उलटल्या तरी परका ठरण्याची ही धास्ती आपल्यालाही अनोळखी नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. २०१५ च्या कराराच्या अटी, मुदत आणि बेटवासीयांना दिलेली वचने संसदेपुढे ठेवावीत. युद्धाच्या दृष्टीने गोपनीय भाग खुशाल झाकून ठेवावा. येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, असे पत्र आपल्या खासदारांना मंडळातर्फे पाठवीत आहोत. ज्या सभासदांना सही करावयाची असेल त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात यावे.